एकाच आसनाचें सत्य

कांहीं प्रश्नांचें नशीब मोठें चमत्कारिक असतें. ते एखाद्या जाड ग्रंथांतून पुढें आले म्हणजे विद्वानांचे प्रश्न ठरतात, आणि तेच घरांतल्या एखाद्या किरकोळ वस्तूंतून डोकावले म्हणजे लोक त्यांना हंसण्यावारी नेतात. एखादी गोष्ट पाहणाऱ्यास वा ऐकणाऱ्यास यथार्थ भासावी म्हणून तिची मूळची ठेवण बुद्ध्या बदलणें हें सत्याला धरून आहे कीं सत्याविरुद्ध आहे, हा त्यांपैकींच एक प्रश्न. प्लेटोच्या संवादांत तो आला तर आमचे विद्यार्थी तो वहींत उतरून घेतात. मोटारगाडींतील स्पीकरांच्या जुळणीवरून आम्हीं तो काढला, तर तेच विद्यार्थी एकमेकांकडे पाहून हंसतात. तथापि प्रश्नाची थोरवी त्याच्या जन्मस्थानावर ठरत नाहीं. म्हणून या लेखांत आम्ही मोटारगाडीपासूनच आरंभ करणार आहों; प्लेटो वाटेंत भेटेल.

ज्यांना या शौकाची ओळख नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम विषय थोडा उलगडून सांगितला पाहिजे. मैफलींत गवई आपल्या समोर असतो. तबला त्याच्या एका हातास, पेटी दुसऱ्या हातास, तंबोरे मागें. आपण डोळे मिटले तरी कोण कोठें बसला आहे हें कानाला कळतें. ध्वनिमुद्रण वाजवितांना हीच बैठक पुन्हा मांडली जावी, गाणें यंत्रांतून नव्हे तर समोरच्या एखाद्या अदृश्य व्यासपीठावरून येत आहे असें वाटावें, याला या छंदांतले लोक ‘साउंड स्टेज’ म्हणतात. आम्ही त्यास ध्वनिमंच म्हणूं. घरच्या दिवाणखान्यांत हा मंच उभा करणें फारसें अवघड नाहीं. दोन स्पीकर समोर ठेवावे आणि आपण दोहोंपासून सारख्या अंतरावर बसावें. गवई मधल्या रिकाम्या जागेंत प्रकट होतो. मोटारींत ही सोय नाहीं, कारण तेथें मध्यें कोणीच बसत नाहीं. आपल्या देशांत चालक उजव्या बाजूस असतो. उजव्या दारांतला स्पीकर त्याच्या गुडघ्याशीं, डावा पलीकडच्या दारांत, आणि खर्जाचा वूफर बहुधा पाठीमागें डिक्कींत. परिणाम असा होतो कीं, सगळी मैफल उजव्या गुडघ्यापाशीं गोळा होते, आणि ढोल तेवढा पाठींत धपधपत राहतो.

असें कां व्हावें याचें उत्तर शास्त्रज्ञांनीं दिलेलें आहे. ध्वनीची दिशा कान दोन खुणांवरून ओळखतो, हें लॉर्ड रॅले यानें १९०७ सालीं मांडलें: खालच्या स्वरांत दोन्ही कानांपर्यंत ध्वनि पोंचण्याच्या वेळेंतला फरक, आणि वरच्या स्वरांत त्याच्या जोरांतला फरक. यांतला वेळेचा फरक किती सूक्ष्म असतो पाहा. ध्वनि अगदीं एका बाजूनें आला तरी दोन कानांमध्यें सेकंदाच्या एका सहस्रांशाचेंही अंतर पडत नाहीं. तरी तेवढ्यावरून आपण मान वळवितों. पुढें १९४९ सालीं हेल्मुट हास या जर्मन संशोधकानें आपल्या प्रबंधांत दाखविलें कीं, एकच आवाज दोन ठिकाणांहून थोडा मागेंपुढें कानावर आला, तर जो आधीं पोंचला त्याचीच दिशा कान खरी मानतो. मागाहून येणारा त्याच्याहून बराच मोठा असला तरी तो निराळा म्हणून ऐकूं येत नाहीं, पहिल्यांतच मिसळून जातो. म्हणजे कानाच्या न्यायसभेंत जो प्रथम येऊन साक्ष देतो त्याच्या बाजूनें निकाल लागतो. हा नियम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. आमचा पुढचा सारा विचार त्यावर उभा आहे.

आतां जुळणी करणारा काय करतो? चालकाच्या डोक्यापासून उजवा स्पीकर ९० सेंटिमीटरांवर आणि डावा १४० सेंटिमीटरांवर आहे असें धरूं. फरक ५० सेंटिमीटरांचा. वीस अंश सेल्सियस तपमानाच्या हवेंत ध्वनि सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या एका सहस्रांशांत ३४ सेंटिमीटर. तेव्हां उजव्याचा ध्वनि डाव्याच्या सुमारें दीड सहस्रांश आधीं पोंचतो, आणि निकाल आपल्या बाजूनें करून घेतो. यावर उपाय एकच: जवळच्याला दीड सहस्रांश थांबवून धरावें. हल्लींच्या गाड्यांतून बसविल्या जाणाऱ्या डीएसपी नांवाच्या लहानशा यंत्राला तेवढी आज्ञा दिली कीं, तें उजव्या स्पीकराकडे जाणारा ध्वनि तितका वेळ रोखतें. मग जवळच्याचा जोर थोडा कमी करावा लागतो. वरच्या स्वरांचे ट्वीटर समोरच्या कांचेच्या कडेला, डोळ्यांच्या उंचीच्या आसपास चढविले म्हणजे मंच गुडघ्यावरून उठून टपावर येतो. वूफराला ८० हर्ट्झच्या आसपास व त्याखालचेच स्वर दिले, तर ते कोठून येतात हें कानाला नीट सांगतां येत नाहीं. मग समोरचे स्पीकर त्या ढोलाला आपल्याकडे ओढून नेतात. एखाद्या स्पीकराची तार उलटी जोडली गेली असेल, तर या सगळ्या खटाटोपांतून कांहींच निष्पन्न होत नाहीं. मधला गवई विरघळून जातो. सारांश, टेप, ध्वनिमापक आणि धीर या तीन वस्तूंचें हें काम आहे.

शहराच्या गलबल्यांत तें साधत नाहीं. आमच्या परिचयाचा एक तरुण याकरितां गोंदियाहून गाडी काढून इटियाडोहाच्या धरणाकडे जात असे. गाढवी नदीचें अडविलेलें पाणी, आसपासचें रान, इंजिन बंद केल्यावर उरणारी शांतता: अर्ध्या सहस्रांशाचा फरक ऐकूं यावयाचा तर अशीच जागा पाहिजे. त्याच्या कसोटीची तबकडी मात्र नवी नव्हती. नाट्यसंगीताची एक जुनी ध्वनिमुद्रिका तो प्रथम लावी. विजेचे मायक्रोफोन येण्यापूर्वींच्या काळांत एकाच कर्ण्यासमोर सगळें गाणें मुद्रित होई. गवई कर्ण्याच्या तोंडाशीं उभा राही आणि ज्याचा आवाज मोठा तो साथीदार मागें बसे. अशा मुद्रिकेंत डावें-उजवें कांहीं नसतें. दोन्ही स्पीकरांतून एकच ध्वनि येतो. म्हणून जुळणी बरोबर असेल तर तो आवाज चालकाच्या ठीक समोर एका बिंदूवर उभा राहिला पाहिजे. बिंदु पसरला किंवा सरकला, कीं जुळणी चुकली. शंभर वर्षांपूर्वीं जवळ-दूरचा जो हिशेब गवयाला व साथीदारांना उठवून बसवून केला जात असे, तोच आतां आंकड्यांनीं केला जातो. हिशेब मुळांत नवा नव्हे.

एके दिवशीं त्या तरुणाची आई त्याच्यासोबत होती, आणि आम्ही मागच्या बाकावर होतों. जुळणी मनासारखी झाली होती. तरुणानें समाधानानें विचारलें, “आई, कसं वाटतं? बाई अगदी समोर उभी राहून गाते ना?” आई डाव्या बाजूच्या आसनावर बसली होती. ती म्हणाली, “समोर कुठे रे? सगळं गाणं माझ्या दारातून येतं. तुझ्या बाजूचं बंद पडलं का?” तरुण हंसून म्हणाला, “बंद नाही पडलं, आई. गाडी चालवणाऱ्यासाठी जुळवलं आहे.” त्यावर आई इतकेंच म्हणाली, “मग आम्हांला ऐकायला कशाला बोलावलं?”

आईचें ऐकणें अगदीं बरोबर होतें. डावा स्पीकर तिला जवळचा आणि उजवा दूरचा. म्हणजे उजव्याचा ध्वनि तिच्याकडे आधींच दीड सहस्रांश उशिरा येणार. त्यांत तरुणानें चालकासाठीं आणखी दीड सहस्रांश घातला आणि उजव्याचा जोरही कमी केला. चालकाच्या आसनावर ज्या युक्तीनें न्याय झाला, त्याच युक्तीनें शेजारच्या आसनावरील अन्याय दुप्पट झाला. आम्हांस या संवादांत दोन प्रश्न दिसले. पहिला असा कीं, मधल्या रिकाम्या जागीं गवई भासविणें ही लबाडी आहे काय? आणि दुसरा असा कीं, लबाडी नसेल तर हा भास कोणत्या आसनासाठीं रचावा, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

पहिल्या प्रश्नांत प्लेटो आमच्या विरुद्ध उभा आहे. ‘सोफिस्ट’ या संवादांत त्यानें प्रतिकृति करणाऱ्यांचे दोन वर्ग केले आहेत. एक वर्ग मूळ वस्तूचीं खरीं प्रमाणें राखतो. दुसरा, प्रचंड मूर्ति घडविणारा, वरचे अवयव मुद्दाम मोठे करतो. कारण खालीं उभ्या असलेल्या माणसाला ते दूर असल्यामुळें लहान दिसतील हें त्याला ठाऊक असतें. प्लेटो म्हणतो, या दुसऱ्या कारागिरानें वस्तूचें खरें प्रमाण सोडून दिलें आणि एका जागेवरून सुंदर दिसणारें प्रमाण पत्करलें. याची कृति प्रतिमा नव्हे, आभास होय. आणि वितंडवादी सोफिस्टाचें नातें तो याच कलेशीं जोडूं पाहतो. आमचा तरुण या दुसऱ्या वर्गांतला आहे हें उघड आहे. त्यानें जवळच्याला थांबविलें, मोठ्याला लहान केलें, आणि जेथें कोणी नाहीं तेथें गवई बसविला.

परंतु प्लेटोच्या या आक्षेपांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी कीं, कारागिरानें हात लावला नसता तर सत्य जसेंच्या तसें दिसलें असतें. मोटारींतला अनुभव याच्या उलट आहे. जुळणी न केलेली गाडी निःपक्षपाती नसते. तीही एक मंच उभा करतेच. फक्त तो उजव्या गुडघ्यापाशीं असतो, आणि तो कोणी विचारपूर्वक रचलेला नसून दारें जेथें पडलीं तेथें पडलेला असतो. कांचांवरून परतणारे व गाद्यांत बुडणारे स्वर त्यांत आपापली ढवळाढवळ करतात तें निराळेंच. म्हणजे ‘जसें आहे तसें राहूं द्या’ असें म्हणणारा मनुष्य सत्याची बाजू घेत नाहीं; तो जवळच्याची बाजू घेतो. आधीं पोंचणें हा गुण नव्हे, तो केवळ जागेचा योगायोग आहे. तरी कान त्यालाच प्रमाण मानतो. आम्हांस वाटतें, या साऱ्या विषयांतला नीतीचा पहिला धडा येथें आहे. यथार्थ ऐकावयाचें असेल तर जवळच्यानें थांबावें लागतें, आणि तो आपण होऊन थांबत नाहीं; त्याला थांबवावें लागतें.

हा धडा मोटारीपुरता नाहीं हें इटियाडोहाच्या काठीं सहज कळतें. या धरणाच्या पाण्यावर केवळ अर्जुनी मोरगांवाकडील भातशेतीच नव्हे, तर खालीं भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांतील शेतीही अवलंबून आहे. कालव्याच्या तोंडाशीं ज्याचें शेत आहे त्याच्या बांधींत पाणी आधीं उतरतें. टेलच्या शेतकऱ्याकडे तें उरलेसुरलें आणि उशिरा येतें. तोंडाचा शेतकरी दुष्ट असतो असें नाहीं. त्याला पाणी आधीं मिळतें हा त्याचा गुन्हा नव्हे आणि पराक्रमही नव्हे. म्हणूनच पाणी टेलपासून देत वर यावें हें तत्त्व महाराष्ट्रांतील सिंचनाच्या व्यवहारांत मान्य झालेलें आहे. पाट आपल्या स्वभावावर सोडला तर तो जवळच्याचाच होतो. न्याय करावयाचा तर वरची दारें कांहीं काळ बंद ठेवावीं लागतात. वर्गांत पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्याचें उत्तर शिक्षकाला आधीं ऐकूं येतें. राजधानीची बातमी खेड्याच्या बातमीआधीं छापली जाते. घरांत मोठ्यानें बोलणाऱ्याचें गाऱ्हाणें आधीं मिटतें. या सर्व ठिकाणीं दीड सहस्रांशाचाच खेळ चालू आहे. आणि जो थांबवूं पाहील त्याच्यावर ‘तुम्ही नैसर्गिक क्रम बिघडवितां’ असा आरोप येणें हेंही ठरलेलेंच आहे.

तेव्हां जुळणी ही लबाडी नव्हे. तरीही मधला गवई भासच आहे, हें नाकारून चालणार नाहीं. या भासाचें स्वरूप समजून घेण्यास प्लेटोपेक्षां आपले साहित्यशास्त्रज्ञ अधिक उपयोगी पडतात. नाट्यांतील रसाचा विचार करतांना श्रीशंकुकानें चित्रांतल्या घोड्याचा दृष्टांत दिला. रंगभूमीवरील नटाला पाहून प्रेक्षकाला ‘हा राम’ असें जें वाटतें, तें सम्यक् ज्ञान नव्हे, मिथ्या ज्ञान नव्हे, संशय नव्हे आणि केवळ सादृश्याची जाणीवही नव्हे. चित्र पाहून लहान मूल ‘घोडा’ म्हणतें, तशी ती चारही प्रकारांहून वेगळी प्रतीति आहे. दोरीवर साप भासला तर मनुष्य पळतो. दिवा आणला कीं भास मरतो आणि भिणाऱ्याला आपली लाज वाटते. ध्वनिमंचाचें तसें नाहीं. समोरच्या टपावर गवई नाहीं हें चालकाला पुरतें ठाऊक असतें, कित्येकदां त्यानेंच तो टेपेनें मोजून तेथें बसविलेला असतो, आणि तरी प्रतीति टिकते. ज्या भासांत फसविला जाणारा कोणी नाहीं, त्याला लबाडी म्हणणें हें शब्दांचा गैरवापर करणें आहे.

येथवर तरुणाची बाजू निर्वेध आहे. त्याची खरी अडचण दुसऱ्या प्रश्नांत आहे. चालकाचें आसन हेंच प्रमाण कां? त्याच्या बाजूनें दोन गोष्टी सांगतां येतील. एक, गाडी बहुतेक वेळां एकट्यानेंच चालविली जाते. दुसरी, लांबच्या वाटेवर बाकीच्यांना झोंप आहे, गप्पा आहेत, खिडकी आहे; चालकाला गाण्यावांचून दुसरा विरंगुळा नाहीं. पण यांतली दुसरी गोष्ट त्याच्यावरच उलटते. ज्याचे डोळे आणि लक्ष रस्त्याला बांधलेलें असावें अशी अपेक्षा आहे, नवेगांवच्या रानांतून रात्रीं जातांना ज्याच्या दिव्यांपुढें केव्हांही एखादें चितळ येऊं शकतें, त्याच एका माणसासाठीं सगळी मैफल मांडावी आणि जे निवांत बसले आहेत त्यांच्या वांट्याला एक दार द्यावें, हा व्यवहार विचित्रच म्हटला पाहिजे. वस्तुतः चालकाचें आसन निवडलें जातें तें त्याच्या गरजेमुळें नव्हे, तर जुळणी करणारा स्वतः तेथें बसतो म्हणून. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यानें १९७१ सालीं न्यायाची अशी कसोटी सुचविली कीं, आपल्या वांट्याला कोणतें स्थान येणार हें ठाऊक नसतां मनुष्य जे नियम पत्करील ते न्याय्य. कोणत्या आसनावर बसावें लागेल हें ठाऊक नसतें, तर तरुणानें ही जुळणी पत्करली असती काय?

मग दुसरा कोणता मार्ग? विलंब अजिबात न ठेवला तर चालकाला गाणें उजव्या दारांतून आणि आईला डाव्या दारांतून ऐकूं येईल. दोघांना सारखाच तोटा होईल. ही समता खरी, पण तींत कोणाचेंच भलें नाहीं. यंत्रांत दोन जुळण्या सांठवून ठेवून कळ दाबून कधीं आईचें आसन, कधीं चालकाचें निवडतां येतें. ही पाळी पाण्याच्या पाळीसारखी आहे आणि पुष्कळ घरांत तेवढ्यानें भागेलही. पण तिसरा मार्ग अधिक विचार करण्याजोगा आहे, आणि तो जुना आहे. दोन स्पीकरांमध्यें गवई भासविण्याची कला लंडनच्या ॲलन ब्लमलाइन यानें १९३१ च्या डिसेंबरांत पेटंटासाठीं मांडली. त्यानंतर १९३३ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या मंडळींनीं फिलाडेल्फियांतला वाद्यवृंद तारेनें वॉशिंग्टनच्या सभागृहांत ऐकविला. तेव्हां त्यांनीं दोन नव्हे, तीन मार्ग वापरले: डावा, उजवा आणि मधला. सभागृहांत आसनें शेंकडों. एका आसनासाठीं रचलेला भास तेथें काय कामाचा? मधोमध खरोखरच एक स्पीकर ठेवला, तर गवयाचा आवाज सर्वांना मधूनच येतो. मोटारींतही टपाच्या मधोमध असा तिसरा स्पीकर बसवितां येतो. त्यामुळें चालकाच्या मंचाची थोडी शोभा जाते. पण आईला गाणारी बाई सांपडते.

या तिसऱ्या स्पीकरानें आमच्या मतें प्रश्नाचें मर्म उघड केलें आहे. भासमान मध्य ऐकणाऱ्याबरोबर सरकतो. डोकें हातभर हलविलें कीं तो दारांत जाऊन बसतो. खरा मध्य सरकत नाहीं. आमच्या झाडीपट्टींत धानाची कापणी झाली म्हणजे गांवोगांव रात्रभर नाटकें होतात. वडसा हें त्या मंडळ्यांचें मोठें ठाणें, आणि त्या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्रीही मिळाली. तेथेंही ध्वनिवर्धक असतात, तेथेंही जवळच्या माणसाच्या कानांत एका बाजूचा स्पीकर घुमतो. पण नट समोर देहानें उभा असतो. प्रेक्षक डाव्या कोपऱ्यांत बसो कीं उजव्या, डोळा त्याच्याकडे जातो आणि कानालाही बरोबर ओढून नेतो. तंबोरा जुळविला जातो तोही सर्व सभेसाठीं जुळतो. एका श्रोत्यासाठीं जुळलेला आणि दुसऱ्यासाठीं बिघडलेला तंबोरा कोणीं ऐकला आहे? तेव्हां आसन बदललें तरी जें ढळत नाहीं, त्याला सत्य म्हणावें. एका आसनापुरतें जें यथार्थ, त्याला कौशल्य म्हणावें. कौशल्य निंद्य नाहीं. निंद्य आहे तें कौशल्याला सत्याच्या नांवानें खपविणें.

यावर कोणी म्हणेल कीं, मनुष्याचें सगळेंच ज्ञान कोठल्या ना कोठल्या आसनावरून होतें. मग अढळ असें उरतेंच काय? ही शंका जैन दर्शनकारांनीं आमच्या आधीं पुष्कळ शतकें ओळखली, आणि प्रत्येक विधानाला ‘स्यात्’ हें पद जोडण्याचा नियम घालून दिला. त्याचा अर्थ ‘कदाचित्’ असा नव्हे, ‘एका विशिष्ट अपेक्षेनें’ असा आहे. म्हणजे विधान करणाऱ्यानें आपलें आसन सांगावें. आसन सांगितल्यानें विधान दुबळें होत नाहीं, उलट तपासतां येण्याजोगें होतें. आमच्या तरुणापाशीं टेप होती. चालकाचें अंतर ज्या टेपेनें त्यानें मोजलें, तिनेंच आईचें अंतर मोजून, तिला काय ऐकूं येत असेल हें त्याला आपल्या जागेवरून न उठतां सांगतां आलें असतें. तेव्हां ‘ज्याचें त्याचें सत्य निराळें’ असें म्हणून सुटकाही नाहीं. दुसऱ्याच्या आसनावरून काय भासतें हें मोजतां येतें. तें मोजण्याची आपल्याला बहुधा गरजच वाटत नाहीं, एवढीच गोष्ट.

म्हणून जुळणी करणाऱ्याकडे, मग तो स्पीकरांची करणारा असो कीं शब्दांची, तीन गोष्टी मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. जवळचा केवळ जवळचा आहे म्हणून त्याला प्रथम ऐकूं नये. आपण कोणत्या आसनावरून जुळणी केली हें त्यानें उघड सांगावें. आणि जेथें आसनें पुष्कळ आहेत, तेथें त्यानें मधोमध कांहीं खरें ठेवावें. रिकाम्या जागेंतल्या भासावर अनेकांना बसवूं नये. एकट्यानें रात्रीं गाडी चालवितांना भासावर भागतें, आणि त्यांत आनंदही मोठा आहे. तो आम्ही कोणाचा हिरावून घेऊं इच्छीत नाहीं. पण शाळा, वर्तमानपत्र, न्यायसभा आणि पाण्याचा कालवा या एकट्याच्या गाड्या नव्हेत. टेलच्या शेतकऱ्याला पाणी आल्याचा भास होऊन त्याचें धान पिकत नाहीं. त्याच्या बांधींत पाणीच यावें लागतें.